मुलाची फाईल आधी, विमानाचे तिकीट नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यातून परदेशी जाणाऱ्यांची चर्चा होते ती बहुधा पोर्तुगीज पासपोर्ट किती जणांनी घेतले आणि गावात किती घरांना कुलपे लागली, एवढ्यापुरतीच. मागे राहिलेल्या मुलांना आई-वडिलांजवळ नेण्याचा व्हिसा कसा मिळतो आणि का नाकारला जातो, यावर मराठीत फारसे कुणी लिहीत नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या तालुक्यांत आजी-आजोबांकडे वाढणारी अशी मुले अनेक घरांत आहेत. हे पत्र त्या घरांसाठी आहे, आणि ज्यांच्या टेबलावर या घरांचे कागद अडतात त्या सरकारी खात्यांसाठीही.

आमचे म्हणणे एवढेच की आई किंवा बाप निघण्यापूर्वी मुलाची कागदपत्रे पक्की झालेली असावीत. प्रत्यक्षात उलटे होते. आधी नोकरी, मग तिकीट, मग तिथली खोली, आणि मूल दहावीला आल्यावर त्याच्या जन्मदाखल्याकडे लक्ष जाते. तोवर सही करणारे दोघेही परदेशात असतात आणि मुलाचे वय एखाद्या मर्यादेला टेकलेले असते.

सुरुवात जन्मदाखल्यापासून. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथल्या स्थानिक संस्थेकडे होते, कुटुंब राहते त्या गावच्या पंचायतीत नव्हे. बाळंतपण बांबोळीला किंवा म्हापशाला झाले असेल तर दाखलाही त्या हद्दीतूनच निघतो. पुष्कळ नोंदी बारशाआधीच झालेल्या असल्याने बाळाच्या नावाची जागा कोरी असते. नोंदणीपासून एक वर्षाच्या आत हे नाव फुकट घालता येते, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. जन्माचीच नोंद राहून गेली असेल आणि वर्ष उलटले असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तर भारतीय पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. शाळेचा दाखला त्यांच्या कामाचा नाही.

खरी अडचण नावांची. गोव्यात एकाच घराण्याची आडनावे जुन्या नोंदींत पोर्तुगीज वळणाने आणि नव्या कागदांवर मराठी वळणाने लिहिलेली सापडतात. आजोबांच्या नोंदीत ‘सिनाय’, नातवाच्या दाखल्यावर ‘शेणवी’. एकीकडे ‘पोरोब’, दुसरीकडे ‘परब’. गावात सगळ्यांना ठाऊक असते की माणूस एकच. व्हिसा अधिकाऱ्यासमोर मात्र दोन नावे म्हणजे दोन माणसे. बापाने पोर्तुगीज पासपोर्ट काढलेला असेल तर त्यावर पोर्तुगालमध्ये, लिस्बनला केलेल्या जन्मनोंदीतले नाव येते आणि मुलाच्या दाखल्यावर बापाचे भारतीय नाव तसेच राहते. यावर बहुतेक जण शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र करून मोकळे होतात. तेवढे पुरत नाही, कारण ते स्वतःच स्वतःविषयी दिलेले निवेदन असते. त्याच्या जोडीला नागरी निबंधकाकडचा विवाहाचा दाखला, बापाच्या जुन्या रद्द झालेल्या भारतीय पासपोर्टची प्रत आणि पोर्तुगालमधील जन्मनोंदीचा उतारा लावला, तर तारीख, जन्मगाव आणि आई-वडिलांची नावे तिन्ही ठिकाणी जुळताना दिसतात. म्हणून जुना भारतीय पासपोर्ट परत करण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक पानाची स्वच्छ प्रत काढून ठेवावी. जन्मनोंदीत खरोखरच चूक असेल तर ती दुरुस्त करून घ्यावी. प्रतिज्ञापत्राने ती झाकत बसू नये.

मुलाचा पासपोर्ट सर्वसाधारणपणे पाच वर्षांचा असतो. त्यासाठी दोन्ही पालकांच्या सहीचे ‘ॲनेक्शर डी’ हे संमतीचे घोषणापत्र लागते. दोघेही परदेशात असतील तर तिथल्या भारतीय दूतावासात जाऊन शपथेवर लिहून द्यावे लागते आणि तो कागद टपालाने गोव्यात यावा लागतो. एका पालकाची संमती मिळणे शक्य नसेल तर ‘ॲनेक्शर सी’ आहे, पण त्यात कारण स्पष्ट लिहावे लागते. बोटीवर काम करणाऱ्यांच्या घरी ही अडचण हमखास येते, कारण जहाज कोणत्या बंदरात कधी लागेल हे घरच्यांच्या हातात नसते. कॉन्ट्रॅक्ट संपून माणूस घरी असतो त्या सुट्टीतच पासपोर्टचे काम उरकावे.

आता ब्रिटन. गोमंतकीयांचे सर्वाधिक गैरसमज याच देशाविषयी आहेत. पोर्तुगीज पासपोर्टवर ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ब्रिटनमध्ये राहायला गेलेल्या आणि युरोपियन युनियन सेटलमेंट स्कीमखाली (ब्रिटनने युनियन सोडताना तिथे आधीपासून राहणाऱ्या युरोपियन नागरिकांसाठी काढलेली योजना) ‘सेटल्ड’ म्हणजे कायम वास्तव्याचा किंवा ‘प्री-सेटल्ड’ म्हणजे त्याआधीचा मुदतीचा दर्जा मिळालेल्या व्यक्तीचे मूल त्याच स्कीमच्या फॅमिली परमिटवर, म्हणजे कुटुंबीयाच्या प्रवेश परवान्यावर, जाऊ शकते. हा अर्ज विनाशुल्क आहे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार नाही, पालकाच्या उत्पन्नाची अट नाही. अर्जाच्या दिवशी मूल २१ च्या आत असेल तर ते पालकांवर अवलंबून आहे हेही सिद्ध करावे लागत नाही. २१ पूर्ण झाल्यावर ते सिद्ध करावे लागते. मूल २०२० नंतर जन्मलेले असले तरी हा हक्क जात नाही. मुलाचा पासपोर्ट, जन्मदाखला आणि पालकाच्या दर्जाचा पुरावा हे मुख्य कागद. नकार आला तर २८ दिवसांत अपील करता येते, किंवा राहिलेला कागद जोडून नवा अर्ज करता येतो.

असे असताना कित्येक कुटुंबे ब्रिटनच्या सर्वसाधारण फॅमिली व्हिसाचा अर्ज भरतात. त्याची फी जवळपास दोन हजार पौंड आहे. मर्यादित मुदतीचा व्हिसा असेल तर १८ वर्षांखालील मुलाला दरवर्षी ७७६ पौंड आरोग्य अधिभार वेगळा. शिवाय तिथे वयाची मर्यादा २१ नसून १८ आहे. एजंटाला कमिशन पैशाच्या अर्जात मिळते, फुकटच्या अर्जात नाही, हे लक्षात ठेवावे. मुलाचा फॉर्म कोणीही भरून देत असला तरी कोणत्या स्कीमखाली भरला जातो आहे हे आई-वडिलांनी स्वतः वाचलेच पाहिजे.

फॅमिली परमिट म्हणजे कायमचा परवाना, हा आणखी एक गैरसमज. परमिट सहा महिन्यांचे असते. ब्रिटनमध्ये पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुलाच्या नावाने सेटलमेंट स्कीमचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो. शाळेत नाव घातले, डॉक्टराकडे नोंद झाली की सगळे झाले असे समजून पालक थांबतात. मुदत हुकली तर उशिराचे सबळ कारण पुराव्यासह द्यावे लागते, आणि अर्ज मूळच्या कारणाऐवजी त्या उशिरावर अडतो. मूल स्वतः पोर्तुगीज नागरिक असले तरी ब्रिटनला आता तेवढे पुरत नाही. त्यालाही दर्जा घ्यावाच लागतो.

ज्यांच्याकडे सेटलमेंट स्कीमचा आधार नाही त्यांची वाट अवघड आहे. नर्स म्हणून स्किल्ड वर्कर (कुशल कामगाराच्या) व्हिसावर गेलेली आई, बाप आखातात किंवा बोटीवर आणि मूल गोव्यात आजीकडे, हे चित्र ओळखीचे आहे. अशा वेळी नियम सांगतो की दोन्ही पालक ब्रिटनमध्ये असावेत किंवा बरोबर जात असावेत. एकच पालक तिथे असेल तर मुलाची संपूर्ण जबाबदारी त्याच एका पालकावर आहे हे दाखवावे लागते, नाहीतर दुसरी तितकीच गंभीर कारणे. २००६ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने एका येमेनी मुलाच्या प्रकरणात या जबाबदारीची कसोटी ठरवून दिली आणि आजही तीच लावतात. मूल रोज कोणाकडे जेवते-झोपते यापेक्षा त्याच्या आयुष्यातले मोठे निर्णय सातत्याने कोण घेते, हे पाहिले जाते. पैसे पाठवणे हा त्याचा एक भाग झाला, सगळी कसोटी नव्हे. बँकेच्या पावत्यांचा गठ्ठा जोडूनही अर्ज फेटाळले जातात ते यामुळे.

इथे शाळेचे कागद कळीचे ठरतात. प्रवेश अर्जावर ‘पालक’ या चौकटीत आजीचे नाव, प्रगतिपुस्तकावर प्रत्येक सत्राला आजीची सही, सहलीच्या संमतिपत्रावर मामाची, दवाखान्याच्या फॉर्मवर काकाची. आई रोज रात्री फोनवर सगळे ठरवत असते, पण त्याची कागदावर एक ओळ नसते. अधिकारी कागद वाचतो आणि जबाबदारी आजीकडे, मामाकडे वाटली गेली आहे असा निष्कर्ष काढतो. हे टाळणे कठीण नाही. निघण्यापूर्वी शाळेला लेखी कळवावे की पालक आईच राहील, आजी फक्त दैनंदिन सांभाळ करील. प्रवेश अर्जावर आईचा ई-मेल आणि परदेशातला नंबर द्यावा. विषय निवडणे, शाळा बदलणे, शस्त्रक्रियेला संमती देणे असे निर्णय आईने ई-मेलने कळवावेत आणि शाळेचे किंवा डॉक्टराचे उत्तर जपून ठेवावे. सही स्कॅन करूनही पाठवता येते. दोन-तीन वर्षांचा असा सलग व्यवहार दिसला तर त्याला वजन येते. अर्जाच्या आदल्या महिन्यात गोळा केलेली शिफारसपत्रे सगळ्यांना एकसारखीच वाटतात, आणि ती एकाच मजकुराची असली तर अपायच करतात.

बापाचा मुलाशी संबंध राहिलेला नसेल तर तेही कागदावर हवे. घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा हुकूम आणि त्यातला मुलाच्या ताब्याचा भाग लागतो. नागरी निबंधकाच्या विवाह नोंदीत त्या हुकुमाची दखल घेतली गेली आहे का तेही तपासावे. नसेल तर विवाहाचा दाखला एक सांगतो आणि न्यायालयाचा हुकूम दुसरे. बाप हयात आणि राजी असेल तर नोटरीसमोर केलेले संमतिपत्र आणि सोबत त्याच्या ओळखपत्राची प्रत. ‘मूल जाण्यास हरकत नाही’ एवढ्यावर न थांबता मुलाचे निर्णय आजवर कोण घेत आले, हेही त्यात खरेपणाने लिहावे. बाप अधूनमधून फी भरत असेल आणि पत्रात तो बेपत्ता दाखवला असेल तर शाळेची एक पावती साऱ्या अर्जाची विश्वासार्हता घालवते.

ब्रिटनमध्ये केअर वर्करच्या, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांच्या देखभालीच्या, नोकरीवर गेलेल्यांची स्थिती सर्वांत वाईट आहे. ११ मार्च २०२४ पासून त्या व्हिसावर नव्याने गेलेल्यांना नवरा, बायको किंवा मुले नेता येत नाहीत. ‘आधी तुम्ही जा, वर्षाने मुलांचे बघू’ असे सांगून लाखो रुपये घेतले गेले, ही फसवणूक होती आणि तिची दखल पोलिसांनी घ्यायला हवी. ब्रिटनला सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जे मूल सशुल्क व्हिसावर जाते, त्याला क्षयरोग तपासणीचा दाखला ब्रिटनने मान्य केलेल्या केंद्राचाच लागतो. तो सहा महिने चालतो. गावच्या डॉक्टराचा एक्स-रे चालत नाही.

पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या पालकांपुढे आणखी एक प्रश्न असतो: मुलाला पोर्तुगीज नागरिक करायचे की भारतीय ठेवून कुटुंबीय म्हणून न्यायचे? पहिला मार्ग धरायचा तर आई-वडिलांचा विवाह आधी पोर्तुगालमध्ये नोंदवलेला असावा, मग मुलाचा जन्म. मूल आणि पालक यांचे नाते मूल अल्पवयीन असतानाच कायद्याने प्रस्थापित झालेले असावे असे १९८१ चा पोर्तुगीज नागरिकत्व कायदा धरतो. त्यामुळे हे काम १८ व्या वाढदिवसाच्या तोंडावर आणू नये. नागरिकत्व घेतले की आपल्या १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते, आणि पुढे गोव्यातले शिक्षण, नोकरी, मालमत्ता यांच्यासाठी ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा) विचार करावा लागतो. मुलाच्या वतीने घेतलेला हा निर्णय त्याला आयुष्यभर पुरतो. तो घाईत घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा मार्ग पुष्कळांना माहीतच नाही. पोर्तुगीज नागरिक आयर्लंडसारख्या दुसऱ्या युरोपियन देशात काम करत असेल तर युरोपियन युनियनच्या २००४ च्या निर्देशानुसार (सदस्य देशांना बांधील असलेल्या नियमानुसार) त्याच्या २१ वर्षांखालील मुलाला भारतीय पासपोर्टवरही प्रवेश व्हिसा विनाशुल्क आणि जलद मिळाला पाहिजे. मूल तिथे राहणार असेल तर पोचल्यावर निवास कार्डाचा अर्ज करायचा आणि त्या कार्डाचा निर्णय सहा महिन्यांत लागायला हवा. व्हिसा केंद्रावर अर्ज साध्या पर्यटक व्हिसाच्या खिडकीवर गेला तर फी कापली जाते आणि हक्काचा अर्ज विनंतीचा होऊन बसतो. म्हणून पहिल्याच पानावर ‘युरोपियन नागरिकाचा कुटुंबीय’ हा प्रकार निवडलेला आहे ना, ते पाहावे. निव्वळ भारतीय पासपोर्टवर पोर्तुगालमध्ये राहणाऱ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून कुटुंब एकत्रीकरणाला सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या वास्तव्याची अट आली आहे. अल्पवयीन मुलांना ती लागू नाही.

आखाताचे नियम त्यामानाने सरळ आहेत. संयुक्त अरब अमिरातीत पगार किमान ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० दिरहॅम आणि राहण्याची जागा, असेल तर मुलांना नेता येते. अविवाहित मुलगा २५ वर्षांपर्यंत, अविवाहित मुलीला वयाची अट नाही. तिथे जन्मलेल्या बाळाचा निवास व्हिसा १२० दिवसांत करावा लागतो. गोव्यातल्या कुटुंबांची चूक वेगळीच असते: मुलाला दहावीसाठी इथे ठेवतात आणि सलग सहा महिने देशाबाहेर राहिल्याने व्हिसा रद्द होतो. मध्ये एकदा जाऊन आले तर हे टळते.

कॅनडाबाबत एकच गोष्ट, पण ती लाखमोलाची. स्थायी वास्तव्याचा अर्ज करताना मूल सोबत येत नसले तरी त्याचे नाव लिहावे आणि त्याची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. लपवलेल्या किंवा वगळलेल्या मुलाला पुढे कुटुंबीय म्हणून बोलावण्याचा मार्ग सामान्यतः बंद होतो. पहिल्या लग्नाची मुले वगळण्याचा सल्ला देणारे सल्लागार आहेत. त्यांच्यापासून दूर राहावे. तिथे वयाची मर्यादा २२ वर्षांखालील आणि अविवाहित अशी आहे.

कागद प्रमाणित करून घेण्यातही पैसा वाया जातो. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. अपोस्टिल म्हणजे आपला सरकारी कागद करारातल्या दुसऱ्या देशात मान्य व्हावा म्हणून मारलेला एकच शिक्का. ब्रिटन, पोर्तुगाल, ओमान, बहारीन, डिसेंबर २०२२ पासून सौदी अरेबिया आणि जानेवारी २०२४ पासून कॅनडा या देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल पुरते. अमिराती, कुवेत, कतार यांच्यासाठी मात्र अपोस्टिल चालत नाही. राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशाचा दूतावास अशी साखळी पुरी करावी लागते. अपोस्टिलची सरकारी फी प्रत्येक कागदाला ५० रुपये, कागद गोळा करणाऱ्या संस्थेचा आकार वेगळा. सौदीसाठी दूतावासाचा शिक्का म्हणून आजही हजारो रुपये मागितले जातात. लॅमिनेट केलेला दाखला शिक्क्याविना परत येतो, म्हणून नवा काढून तो लॅमिनेट न करताच ठेवावा.

सरकारकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. नावाच्या दुरुस्तीचा अर्ज किती दिवसांत निकाली निघेल हे प्रत्येक निबंधकाच्या दारावर लिहिलेले असावे आणि नकार तोंडी न देता कारणासह लेखी द्यावा. अनिवासी भारतीयांसाठीच्या राज्याच्या खात्याने महिन्यातून एक दिवस वाळपई, पेडणे, काणकोण अशा ठिकाणी बसून मुलांच्या फायली तपासून द्याव्यात. ज्यांना पणजीची फेरी परवडत नाही तेच एजंटाकडे जातात. शिक्षण खात्याने प्रवेश अर्जात ‘पालक’ आणि ‘सांभाळ करणारी व्यक्ती’ अशा दोन वेगळ्या चौकटी ठेवाव्यात. एवढ्या एका बदलाने कित्येक अर्ज वाचतील आणि त्याला पैसाही लागत नाही. आपल्या दैनिकाला विनंती की या देशांचे नियम बदलतील तेव्हा ते मराठीत तारखांसह छापावेत.

येत्या वर्षात ज्यांची मुले १८ किंवा २१ पूर्ण करणार आहेत त्यांनी गणेश चतुर्थीला घरी येण्याची वाट पाहू नये. वय मोजले जाते ते साधारणपणे अर्ज पोचल्याच्या दिवशी, कुटुंबाने ठरवल्याच्या दिवशी नव्हे. जन्मदाखला आणि पासपोर्ट या दोन कागदांवरची नावे याच आठवड्यात शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावीत.

आपले,
परदेशस्थ कुटुंबांच्या कागदपत्रांचे काम पाहणारे काही जण
डिचोली व फोंडा
(नावे संपादकांकडे दिली आहेत)